बंगईचा करारनामा

अमेरिकेत तेव्हा कोण कोणाशी लढत होते, हे अमरावतीत कोणालाच धड ठाऊक नव्हते. पण ती लढाई अशीच चालू राहावी म्हणून अंबादेवीपुढे नारळ मात्र रोज फुटत होते. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या बोंडाबोंडाला भाव चढला. पैसा इतका आला की त्याचे करायचे काय, हेच लोकांना समजेना. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी उगाचच गावजेवणे घातली, आणि एवढे करूनही ज्यांच्याकडे उरले त्यांनी ओसरीत बंगई टांगली.

बंगई म्हणजे झोपाळाच. पण वऱ्हाडात तिला झोपाळा म्हणणाऱ्याकडे लोक जरा दयेने पाहतात. सागाची जाड फळी, पितळी कड्या, साखळ्यांत मोर-पोपट, आणि वर बसलेला घरधनी. संध्याकाळी त्याने पायाच्या अंगठ्याने हळूच झोका घ्यावा, कड्या कुरकुराव्यात आणि रस्त्याने जाणाऱ्याने ते ऐकून राम राम घालावा, यासाठी ती असते. नुसते बसायचे तर बाजही चालते.

ही हवा सर्वांत आधी ओळखली ती खुशालरावांनी, असे खुशालरावांचे मत होते. तहसील कचेरीतली कारकुनी सोडून त्यांनी परकोटाच्या भिंतीलगत जागा घेतली, हाताखाली सुतार ठेवले आणि बंगया करायचा कारखाना काढला. 'कारखाना' हा शब्द त्यांचा. त्यांचे सासरे सूर्यभानजी त्याला 'ठोकाठोकी' म्हणत. सूर्यभानजींची अकोल्यात रुईची वखार होती, आणि जावयाने तिथे गादीवर बसून आल्या-गेल्या गाड्यांवर नजर ठेवावी, अशी त्यांची फार इच्छा होती.

"जवाईबुवा, तुमची गादी झाडून ठेवली हाय," ते प्रत्येक भेटीत सांगत. "घाई नाही. बुडाले का या."

खुशालरावांना एक वेळ उपास परवडले असते, पण ती गादी नको होती. सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, सासऱ्याच्या लोडाला टेकून, सासऱ्याची जांभई ऐकत उरलेला जन्म काढायचा या विचाराने त्यांचा घास अडत असे. कारखाना टिकला तर मान ताठ, नाही तर अकोला, असा सरळ हिशेब होता.

आणि कारखाना टिकायची लक्षणे दिसत नव्हती. गिऱ्हाइके नव्हती म्हणून नव्हे. गिऱ्हाइके होती म्हणून.

पहिला दणका दिला नांदगाव खंडेश्वरच्या चंद्रभानजींनी. "बंगई मोठी करा," एवढेच ते म्हणाले होते. किती मोठी, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "लोक बोलले पायजे, येवढी." खुशालरावांनी जीव ओतून बंगई केली, गाडीवर घालून नांदगावला नेली, आणि लोक खरेच बोलले. कारण बंगई दारातून आत जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून दाराला नमस्कार करूनही पाहिला. चंद्रभानजी शांतपणे म्हणाले, "माहं दार लहान हाय हे तुमी सांगाले पायजे होतं." दार त्यांचे, आणि ते सांगायचे खुशालरावांनी! पण गाव जमले आणि गावाने ठरवले की ज्याने वस्तू आणली त्यानेच ती आत न्यायची. खुशालरावांनी स्वखर्चाने भिंत फोडली, दार रुंद केले, आणि चंद्रभानजींच्या मंडळींना ते इतके आवडले की त्यांनी वर नक्षीची चौकटही मागून घेतली. पुढे कितीतरी दिवस अमरावतीत ओळखीचे लोक हटकून विचारत, "काय खुशालराव, दारं काय भाव?"

शेजारचे उत्तमराव कापसाचे दलाल होते आणि सल्ला देण्यासाठी त्यांना कापसाचा हंगाम लागत नसे.

"चूक तुमची हाय," ते म्हणाले. "तोंडी बोलीवर धंदा करून राहिले तुमी. कागद करा, कागद!"

"कागदानं काय होते?" भिंतीपलीकडून मनकर्णाबाईंचा आवाज आला. या बाई पलीकडच्या घरात राहत आणि आयुष्याचा बराच भाग त्यांनी या भिंतीला कान लावून सार्थकी लावला होता. "मानूस पाहून द्या म्हना. कागद काय उंदरंबी खातात."

"तुमी चुपचाप राहा, मावशी. कायद्याची गोष्ट चालू हाय."

"मंग हळू बोला ना. कायदा अठीलोक आयकू येते."

शेवटी कागदाचा जय झाला आणि पहिला करारनामा उत्तमरावांनी स्वतः सांगितला, खुशालरावांनी वळणदार अक्षरात लिहिला. कारकुनी सुटली तरी अक्षर सुटले नव्हते. आरंभी देवदेवतांना वंदन होते, त्याखाली उभयतांच्या घराण्यांची तारीफ होती, आणि मुख्य मजकूर असा होता, की करार मोडणाऱ्याला गोहत्येचे पाप लागेल, त्याच्या शेतात बोंडअळी पडेल, त्याच्या सात पिढ्या नरकात जातील आणि तिथेही त्यांना बसायला जागा मिळणार नाही. शेवटचे वाक्य उत्तमरावांना ऐन वेळी सुचले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. वाचताना खुशालरावांच्या स्वतःच्या अंगावर काटा आला.

या कागदावर पहिली निशाणी केली ती दर्यापूरच्या पार्बताबाईंनी. बाई स्वतः शेतीचा कारभार पाहत. त्यांनी लिहिता येत नसलेल्या बायांच्या रिवाजाप्रमाणे सहीच्या जागी बांगडीचे चित्र काढले, पापे सगळी मन लावून ऐकली, आणि बंगई घरी पोचल्यावर तिच्याभोवती एक फेरी मारून विचारले, "हे कशाचं लाकूड हाय?"

"सागाचं," खुशालराव अभिमानाने म्हणाले.

"मले तर चंदनाचं पायजे."

"चंदनाची बंगई कोण करते, बाई?"

"कागदात सागाचं लिवलं हाय का? वाचून दाखवा."

खुशालरावांनी कागद वाचला. त्यात नरक होता, अळी होती, गाय होती. लाकूड कुठेच नव्हते. पार्बताबाईंनी पदर सावरला आणि अत्यंत गोड आवाजात सांगितले, की त्यांना कोणाच्याही सात पिढ्या नरकात पाठवायच्या नाहीत, फक्त चंदन पाहिजे. अखेर सगळ्या बंगईला चंदनाचे तेल चोळून द्यायच्या बोलीवर तडजोड झाली. खुशालराव चार सुतारांसह दर्यापुरात मुक्काम ठोकून तेल चोळत बसले आणि गावातली पोट्टी येऊन त्यांचे हात हुंगून जाऊ लागली.

घरी आल्यावर त्यांची बायको जमुना पाणी घेऊन पुढे आली, वास आल्याबरोबर थबकली आणि म्हणाली, "पूजा कोनाची करून आले?"

"माझ्या नशिबाची."

"पाप लिवलं, अळी लिवली. मंग बंगईचं काहून नाही लिवलं?" तिने विचारले. ती हसत नव्हती, पण हसू तिने कुठे ठेवले आहे ते खुशालरावांना स्पष्ट दिसत होते. ते न जेवता झोपायला निघाले आणि मग चार पुरणपोळ्या खाऊन झोपले.

दिवाणी कोर्टाच्या आवारात सतरंजी टाकून बसणारे भगवंतराव अर्जनवीस हे पुण्याकडचे होते. वऱ्हाडात येऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, तरी इथल्या उन्हाबद्दल आणि भाषेबद्दल त्यांची तक्रार कायम होती. खुशालरावांनी उत्तमरावांसह त्यांना गाठले आणि जुना करारनामा पुढे केला. भगवंतरावांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा एकदा वाचला.

"कीर्तनाला उत्तम आहे," ते म्हणाले. "आता मला सांगा, बंगई टांगणार कशाला?"

"तुळईला."

"तुळई कोणाची?"

"घरधन्याची."

"ती बळकट आहे की पोखरलेली, हे पाहणार कोण? बसणार किती जण? साखळी कोणाची, कड्या कोणाच्या? घरापर्यंत पोचवायची की ओसरीपर्यंत? दार मोजलं आहे का कोणी? माल ताब्यात घेतल्यावर तक्रार करायची तर किती दिवसांत? आणि भांडण झालंच, तर ते भांडायचं कुठे? त्यांच्या गावात, जिथे सगळं गाव त्यांचं, की इथे?"

खुशालरावांचा चेहरा उजळत गेला. आजवर सोसलेल्या प्रत्येक अपमानाला या माणसाने नावानिशी हाक मारली होती. दारापाशी आल्यावर तर त्यांचे डोळेच भरून आले.

"पण पाप कुठं लिवता?" उत्तमरावांनी दुखावून विचारले.

"पाप चित्रगुप्त लिहील. आपण तुळई लिहू."

मसुदा घरी आणून मोठ्याने वाचला गेला, तेव्हा 'सहा माणसांनी बसावे' या वाक्याशी भिंतीपलीकडून हरकत आली. "मानूस म्हंजे कोनतं?" मनकर्णाबाईंनी विचारले. "आमच्या माहेरचं का सासरचं? माहेरी दोघांत एक बाज पुरते, सासरी एकाले दोन लागतात." उत्तमराव खो-खो हसले, पण भगवंतरावांना ही हरकत कळवल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी माणसे खोडली आणि 'एकंदर भार दहा मणांवर जाऊ नये' असे लिहिले. मनकर्णाबाईंना हे समजले तेव्हा त्यांनी गल्लीत साखर वाटली आणि 'कायदा आपल्या सांगन्यानं बदलला' असे सर्वांना सांगितले.

आता खरी अडचण पुढेच होती. वऱ्हाडातल्या जुन्या घरंदाज शेतकऱ्यापुढे कागद ठेवणे म्हणजे त्याच्या शब्दावर थुंकण्यासारखे. दोन-तीन गिऱ्हाइके तर स्टँपाचा कागद दिसताच ताडकन उठून गेली. बाळापूरजवळच्या गावचे नत्थुजी पाटीलही उठलेच होते. कापूस घालायला ते अमरावतीला आले होते आणि 'पाहून तं घेऊ' म्हणत कारखान्यात शिरले होते.

"माह्या शब्दावर भरोसा नाही तुमाले?" नत्थुजी गरजले. देह आडवा, मिशा उभ्या, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"तुमच्या शब्दावर पुरा भरोसा हाय, पाटील," खुशालराव म्हणाले. "माझ्या कानावर नाही. मी कायतरी भलतंच ऐकतो आणि गिऱ्हाइकाचं नुकसान होते. म्हणून लिहून ठेवतो."

हे वाक्य त्यांनी आरशासमोर घोकून ठेवले होते. नत्थुजी विरघळले. कागद करायला बोलावलेल्या भगवंतरावांकडून कलमे ऐकून घेतली, दाराचे माप दोरीला गाठ मारून पाठवायचे कबूल केले, स्टँपावरचा छाप बोटाने दोनदा चाचपला आणि सहीच्या जागी निशाणी नांगर काढायला बसले. लिहिता न येणारा शेतकरी दोन रेघांत नांगर उरकतो. नत्थुजींनी नांगराला फाळ काढला, जू काढले, जुवाला बैल जोडले, आणि भगवंतरावांनी हात धरला नसता तर बैलांच्या मागे सबंध शेतही काढले असते.

"दहा मन म्हंजे जरा कमी वाटते," जाता जाता ते म्हणाले. "माह्या घरी मानसं कोनी मोजत नाही."

बंगई तयार होऊन नत्थुजींच्या घरी पोचली ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दारातून ती अशी सरळ आत गेली की खुशालरावांनी दाराकडे वळून पाहिले आणि नकळत हात जोडले. मग त्यांनी करारात लिहिल्याप्रमाणे तुळईवर काठी ठोकून पाहिली आणि चारचौघांत सांगितले, "पाटील, तुळई जुनी दिसते. दहा मणांवर भार नको."

"माह्या आज्यानं बसवली हाय थे! हत्ती टांगा."

"आयकलं, बाप्पा, आयकलं," कोपऱ्यातून केशवराव म्हणाले. हे नत्थुजींचे नवे व्याही, मुलीचे सासरे, सणाला म्हणून अकोल्याहून आले होते. केशवरावांना पाहिल्यावर मनकर्णाबाईंचे सासर डोळ्यांपुढे उभे राहावे, अशी त्यांची प्रकृती होती.

बंगई टांगली. नत्थुजी बसले. त्यांनी व्याह्यांना बोलावले, "या इवाईबुवा, बसा." व्याही बसले. नव्या बंगईवर आपण बसलो आणि आपले भाऊ खाली उभे, हे व्याह्यांना बरे दिसेना. त्यांनी भावांना बोलावले. "या ना, सरका जरासं." भाऊ बसले. मग जावई उभे होते. जावई उभे ठेवून व्याही बसतील काय? जावई बसले, तर जावयाचे मामा राहिले. खुशालराव तोंड उघडून पुढे झाले, "पाटील, दहा मण…" नत्थुजींनी त्यांना डोळ्यांनीच दटावले. सोयऱ्याला, तोही नवा, तोही मुलीच्या सासरचा, 'ऊठ' म्हणायचे? वऱ्हाडात त्यापेक्षा घर पडलेले बरे.

तेच झाले. वर कडकड असा आवाज आला, कोणी तरी म्हणाले, "झोका मस्त हाय," आणि आज्याची तुळई मधोमध मोडली. बंगई तेव्हा झोक्याने पुढे गेलेली होती. ती सगळ्या सोयऱ्यांना घेऊन थेट कापसाच्या ढिगात शिरली. भाव अजून चढेल या आशेने नत्थुजींनी अर्धा कापूस ओसरीच्या एका बाजूला छताला टेकेल इतका भरून ठेवला होता. वरून कवेलू, म्हणजे छपराची कौले, कोसळली, धुरळा उडाला, बाया किंचाळल्या, आणि मग कापसातून एकेक पांढरी आकृती खोकत बाहेर येऊ लागली. कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. सगळ्यात शेवटी केशवराव निघाले. मिशीला बोंडे लटकलेली, डोक्यावर पागोट्याऐवजी एक कवेलू. एक लहान मुलगी त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवू लागली आणि तिला आत ओढून नेण्यात आले.

खुशालरावांनी आधी माणसे पाहिली, मग बंगई पाहिली. फळी शाबूत होती. एक कडीसुद्धा वाकली नव्हती. त्या भयंकर घटकेलाही त्यांच्या मनात आले की माल चांगला झाला आहे.

नत्थुजींना तसे वाटत नव्हते. त्यात त्याच सुमारास अमेरिकेतली लढाई मिटल्याची बातमी आली आणि कापूस धडाधड उतरला. छप्पर गेले, भाव गेला, आणि नव्या व्याह्यांच्या डोक्यावर कवेलू बसले. याचा राग कोणावर तरी निघणे भागच होते आणि अमेरिका दूर होती. "छप्पर भरून द्या, नाही तं कोर्टात ओढतो. गाडे भरून साक्षीदार आनतो," असा निरोप अमरावतीला आला. एवढे छप्पर भरून द्यायचे तर कारखान्यातले रंधेसुद्धा विकावे लागले असते. निरोपापाठोपाठ सूर्यभानजीही आले आणि येताना गादीचा नवा अभ्रा घेऊन आले.

"पाहा हो जवाईबुवा, रंग पसंत हाय का," त्यांनी मायेने विचारले. खुशालराव त्या अभ्र्याकडे पाहू शकले नाहीत.

ठरल्या दिवशी नत्थुजींचे गाडे खरेच आले. साक्षीदार म्हणजे बंगईवर बसलेली तीच सगळी मंडळी. कोर्टाचे काम महिनोन् महिने चालते असे कोणी तरी सांगितल्यामुळे त्यांनी बरोबर भाकऱ्यांच्या चळती, ठेच्याची मडकी, लोणची आणि अंथरुणे आणली होती. एकाने तर दुभती म्हैसही बांधून आणली होती. उत्तमराव होतेच, आणि अभ्रा काखेत धरून सूर्यभानजीही. मनकर्णाबाई बैलगाडी करून आल्या होत्या, कारण या भांडणाला ऐकण्याजोगी भिंत नव्हती.

"कोर्टात जायच्या आधी उभयतांनी बसून करारनामा वाचावा, असं कलम आहे," भगवंतराव सतरंजीवरून म्हणाले आणि वाचू लागले. तुळई घरधन्याची, असे कलम निघाले. ती जुनी असल्याचे कारागिराने चारचौघांत सांगावे, असेही निघाले.

"सांगितलं होतं का?"

नत्थुजींनी सगळ्यांकडे पाहिले. केशवराव प्रामाणिक माणूस. "मी आयकलं होतं, बाप्पा," ते खाली पाहत म्हणाले.

"भार दहा मणांवर जाऊ नये," भगवंतरावांनी पुढचे कलम वाचले.

इथे नत्थुजींना वाट दिसली. "गेलाच नव्हता! आमी काय येवढे जड हाओ? दहा मनाच्या आतच होतो. तरीबी तुळई गेली, म्हंजे झोक्यात खोट होती. चला कोर्टात!"

खुशालरावांनी मनात हिशेब मांडला. कोर्ट म्हणजे तारखा, तारखा म्हणजे बंद कारखाना, आणि बंद कारखाना म्हणजे अभ्रा. पण भगवंतरावांनी शांतपणे कागदाची घडी केली.

"भार म्हणजे भार. तो आठवायचा नसतो, तोलायचा असतो. इथे कापसाचा काटा कुठे आहे?"

कापसाच्या बाजारात तसा काही उठाव नव्हताच. सहदेव तोलणारा काट्याखाली पेंगत होता. समोरून सगळी वरात येताना पाहून त्याला वाटले भाव परत चढला, आणि तो खडबडून उभा राहिला. काय तोलायचे ते कळल्यावर त्याने केशवरावांकडे एकवार पाहिले आणि दोर आणखी एका पिळाने घट्ट केला.

"लाभ!" त्याने रिवाजाप्रमाणे पहिल्या मापाला आरोळी दिली आणि नत्थुजी पारड्यात उकिडवे बसले. बाजारातली माणसे धावत आली. एकेक सोयरा वर चढत होता, दगडांची मापे पडत होती, आणि सहदेव आकडा बोलत होता. केशवरावांच्या वेळी पारड्याने हूं की चूं न करता जमिनीवर बैठक मारली आणि शेजारच्या काट्यावरची मापे मागवावी लागली.

"तीन मन आनि वर पाच शेर," सहदेवने पुकारले. मग वर्षानुवर्षांच्या सवयीने जोडले, "कडता वजा, तीन मन धरा."

कडता म्हणजे ओल, धूळ, कचरा यांच्या नावाखाली तोलणारा कापसातून कापतो ती सूट. वऱ्हाडात या एका शब्दावरून जेवढी डोकी फुटली असतील तेवढी जमिनीच्या बांधावरून नसतील.

"माह्यातून कचरा कापता?" केशवराव पारड्यातूनच ओरडले. "मी आंघोळ करून आलो हाओ!"

"नेम हाय, मालक. सगळ्यायचाच कापतो."

बेरीज दहा मणांच्या जवळ आली आणि अजून बरीच मंडळी रांगेत होती. नत्थुजींच्या कपाळावर घाम आला. ते काट्यापाशी गेले, त्यांनी सहदेवचा हात धरला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अजून काप ना."

"किती कापू, पाटील?"

"काप ना रे चांगला! ओल धर, माती धर. हा भाऊ तं सकाळीच नदीतून आला, पुरा ओला हाय. माह्या कापसातून कापतं तवा कसा हात सैल राहते तुहा! आज काय झालं?"

भोवतालची गर्दी आणखी जवळ सरकली. कडत्यापायी दरसाल या काट्यापाशी हाणामारीवर येणारे नत्थुजी पाटील आज कडता वाढवून मागत होते. त्यांनाही ते स्वतःच्याच तोंडून ऐकू आले असावे. ते थांबले. मिशा थरथरल्या. आणि मग त्या आडव्या देहातून हसू असे फुटले की काट्याचे पारडे हलू लागले. केशवराव हसले, भाऊ हसले, जावयाचे मामा हसता हसता खाली बसले. रांगेतली मंडळी तोलायची राहून गेली. बेरीज केव्हाच दहा मण ओलांडून गेली होती.

"खुशालराव," नत्थुजी डोळे पुसत म्हणाले, "छप्पर माहं. तुळई माही. कागद तुमचा खरा."

खुशालरावांनी भर बाजारात नत्थुजींना मिठी मारली आणि नत्थुजींनी त्यांना जमिनीवरून उचलले. महिनाभर पुरेल एवढी आणलेली शिदोरी तिथेच उघडली गेली. सगळा बाजार जेवला, सहदेव दोनदा जेवला, म्हशीचे ताक झाले. सूर्यभानजींनी ठेचा-भाकर खाता खाता अभ्रा गुंडाळला आणि म्हणाले, "जवाईबुवा, वखारीत मीच एकटा बसतो. तठी एक बंगई कराल का मले? कागद करून." खुशालराव त्या दिवशी इतके खूश होते की त्यांना सासराही देखणा वाटला.

जेवणे आटोपल्यावर नत्थुजी भगवंतरावांना एका बाजूला घेऊन बसले आणि थोड्या वेळाने नवा कागद घेऊन आले. नवी तुळई घालून ते बंगई पुन्हा टांगून घेणार होते, पण या वेळी करार त्यांचा होता. नांगर आधीच काढलेला होता, बैलांसकट. विजयाच्या भरात खुशालरावांनी कागद डोळ्यांपुढून नुसता फिरवला आणि झोकदार सही ठोकली. मग तो वाचला.

शेवटचे कलम असे होते: 'बंगई टांगल्यावर पहिला झोका कारागिराने सहकुटुंब बसून, चारचौघांसमक्ष घ्यावा.'

"हे काय?" खुशालराव दचकले. त्या काळी चारचौघांसमक्ष बायकोशी बोलतसुद्धा नसत. "हे खोडा, भगवंतराव!"

"सही झाली आहे," भगवंतराव म्हणाले आणि पुण्याच्या माणसाला शोभेल इतपत हसले.

तुळई नवी कोरी सागाची होती. नत्थुजींच्या ओसरीत पुरुष दाटीवाटीने उभे होते, दाराआड बाया होत्या, केशवराव नव्या पागोट्यात होते आणि खुद्द सूर्यभानजी भिंतीशी सतरंजीवर बसले होते. खुशालराव बंगईच्या एका टोकाला अंग चोरून टेकले. कान लाल झाले होते. जमुना आता येणार नाही, दाराआडूनच नाही म्हणेल, आणि करार मोडल्याचा ठपका आपल्यावर येईल, या काळजीत ते होते.

जमुना आली. नवे लुगडे, डोक्यावरून पदर, नजर खाली. बापासमोर ती क्षणभर थांबली.

"कागदात हाय ना?" तिने विचारले.

"हाय," नत्थुजी म्हणाले.

"मंग बसाच लागते," ती म्हणाली आणि बंगईच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, मधोमध बसली.

नत्थुजींनी झोका दिला. कड्या कुरकुरल्या, पाय जमिनीवरून सुटले, मोर-पोपट डोलू लागले. आजवर खुशालरावांच्या हातून इतक्या बंगया गेल्या, पण एकीवरही ही दोघे बसली नव्हती. खुशालराव सवयीने मान वर करून तुळई न्याहाळू लागले.

"वर काय पाहून राहिले?" जमुना हळूच म्हणाली. "इकडं पाहा."

त्यांनी पाहिले. पदराच्या आत ती हसत होती आणि या वेळी तिने हसू कुठेच लपवले नव्हते. सूर्यभानजी एकाएकी छपराची कवेलू मोजू लागले. बाया दाराआडून खुदखुदल्या. एक झोका झाला, दुसरा झाला, पुढचे कोणी मोजले नाहीत. केशवरावांना बसायची घाई झाली होती. अखेर नत्थुजींना राहवेना.

"झाला की एक झोका! उतरा आता, खुशालराव!"

खुशालराव उतरणारच होते. जमुनेने त्यांच्या धोतराचा सोगा पदराआड घट्ट धरून ठेवला.

"पाटील, कागद पाहा बरं," ती म्हणाली. "बसाचं लिवलं हाय. उतराचं कवा, ते कोनी लिवलंच नाही."